तिथींचा तक्ता : प्रल्हाद शिंदे यांच्या तबकड्यांची गोष्ट

ज्येष्ठ महिन्यात त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी नगर जिल्हा ओलांडून करमाळा तालुक्यात शिरते आणि जेऊरवरून पंढरपूरच्या दिशेने पुढे सरकते. दिंड्यांमध्ये टाळ-मृदंग असतात, मुखी अभंग असतात. रस्त्याच्या कडेचा ध्वनी मात्र निराळा असतो. चहाच्या टपरीवर, फराळ वाटणाऱ्या मंडळाच्या मांडवात, सामान घेऊन मागून येणाऱ्या टेम्पोत एकच खडा, उंच, किंचित खरखरीत आवाज वाजत असतो. गाणे असते ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ आणि आवाज असतो प्रल्हाद शिंदे यांचा.

हे गाणे कुणाचे, असे त्या मांडवात विचारले तर उत्तर बहुधा ‘तुकोबांचे’ किंवा ‘जुना अभंग आहे’ असे येईल. वस्तुतः ते संतवाणीतले नाही. ते दत्ता पाटील यांनी लिहिले, मधुकर पाठक यांनी स्वरबद्ध केले आणि ध्वनिमुद्रिकेच्या वाटेने ते लोकांपर्यंत गेले. विसाव्या शतकातली एक तबकडी सातशे वर्षांच्या परंपरेत इतकी मिसळून गेली, की तिच्यावरची नावे पुसली गेली. या धाग्याचा विषय तोच आहे. ज्या गायकाच्या गाण्यांना कधी क्रमांक मिळाले नाहीत, त्याच्या यशाचा इतिहास वाचायचा कशावरून?

क्रमांकांची पद्धत कुठून आली, ते आधी पाहू. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाने जानेवारी १९४४ मध्ये ग्रामीण संगीतासाठी पहिली स्वतंत्र यादी छापली. आज ज्याला ‘कंट्री’ म्हणतात, त्याला त्या यादीत ‘फोक’, म्हणजे लोकसंगीतच म्हटले होते. मोजणीचे साधन होते ज्यूकबॉक्स. खानावळीत, मद्यालयात ठेवलेल्या त्या यंत्रात नाणे टाकले की हवी ती तबकडी वाजे. कोणती तबकडी किती वाजली, याची खबर यंत्रांचे मालक साप्ताहिकाला कळवीत. नाणे पडले, म्हणून मोजणी झाली. गिटार घेऊन गाणाऱ्या खेडवळ गायकाला ‘अमुक गाणे इतके आठवडे पहिल्या स्थानी’ असे लिखित चरित्र मिळाले, ते या नाण्यांच्या खणखणाटातून.

भारतात असे काही नव्हते असे नाही. ३ डिसेंबर १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे तिच्यात गाण्यांना पायऱ्या मिळाल्या. दुकानांतला खप आणि श्रोता संघांची पत्रे यांवरून क्रम ठरू लागला आणि दर बुधवारी संध्याकाळी देश रेडिओला कान लावून बसू लागला. ही गंमत परक्या केंद्रावरून चालावी, याला कारणीभूत होते नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली होती. मंत्री मराठी, पुण्याचे. पण मराठी लोकगीताला त्या भांडणात कुठल्याच बाजूला जागा नव्हती. गीतमाला हिंदी चित्रपटांची होती. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘आपली आवड’ हा फर्माइशींचा लाडका कार्यक्रम होता खरा. पण तिथे पत्र पाठवणाऱ्याचे नाव वाचले जाई, गाण्याचा क्रमांक नव्हे.

प्रल्हाद भगवानराव शिंदे यांचा जन्म १९३३ सालचा, मंगळवेढ्याचा. करमाळा सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तर मंगळवेढा दक्षिणेकडे. पंढरपूर या दोहोंच्या मधे. आई सोनाबाई आणि वडील भगवानराव हे दोघेही गाणारे. कीर्तनात त्यांच्या साथीला लहान प्रल्हाद उभा राहत असे. घराणे, गंडा, गुरूकडची तालीम असले काही या गाण्यामागे नाही. उघड्यावर, माणसांच्या गर्दीत, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्याची सवय हीच त्यांची शाळा.

मंगळवेढ्याचे आणखी एक माहात्म्य येथे सांगितले पाहिजे. १३३८ साली याच गावच्या कुसाचे बांधकाम कोसळून संत चोखामेळा त्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. त्यानंतर सहाशे वर्षे चोखोबांच्या जातीच्या माणसाला ते द्वार ओलांडता येत नव्हते. मे १९४७ मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा मंदिर सर्वांसाठी खुले झाले. त्या वर्षी मंगळवेढ्याच्या दलित कुटुंबातला प्रल्हाद चौदा वर्षांचा होता. पुढे आषाढीच्या वाटेवर विठ्ठलाला सर्वांत मोठ्याने हाक मारणारा आवाज याच मुलाचा असावा, ही घटना कोणत्याही क्रमवारीत बसत नाही. तिच्याकडे नुसता योगायोग म्हणून पाहणे मात्र भाबडेपणाचे ठरेल. ‘आता तरी देवा मला पावशील का’ या त्यांच्या गाण्याचे नावच एक तक्रार आहे आणि ती तक्रार कुणाच्या तोंडून येते, याने तिचा अर्थ बदलतो.

आता तबकडीकडे येऊ. कारण या आवाजाचे आणि यंत्राचे नाते विलक्षण आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. भारतात अशा तबकड्या १९७० च्या सुमारापर्यंत निघत राहिल्या. त्यांच्या जोडीला ४५ फेऱ्यांच्या लहान, प्लास्टिकच्या तबकड्या आल्या. तबकडी बदलली तरी तीन मिनिटांची शिस्त टिकली. कीर्तन रात्रभर चालते, भजनाला घड्याळ नसते, कव्वालीत एकेक ओळ दहा वेळा उलटसुलट फिरवता येते. तबकडीवर ही चैन नाही. सुरुवातीचा वाद्यमेळ आटोपशीर हवा, ध्रुवपद लगेच यायला हवे, तीन-चार कडव्यांत गोष्ट संपायला हवी आणि दुसऱ्यांदा ऐकताना श्रोत्याला सोबत गाता यायला हवे. मधुकर पाठक यांच्या चाली या मापात अगदी नेमक्या बसतात. त्या साध्या आहेत म्हणून अभ्यासकांनी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले असेल, तर ती अभ्यासकांची चूक आहे. चार पावले चालता चालता गाता येईल अशी चाल बांधणे हे सोपे काम नव्हे.

दुसरे यंत्र म्हणजे कर्णा. देवळाच्या शिखराला, पिंपळाच्या फांदीला किंवा बैलगाडीच्या साटीवर बांधलेला पत्र्याचा भोंगा. या भोंग्यातून खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही. मऊ, कुजबुजता, ध्वनिक्षेपकाला जवळ घेऊन गायलेला भावगीताचा स्वर त्यातून बाहेर पडेपर्यंत निम्मा हरवतो. उंच पट्टीतला, खणखणीत उच्चारांचा आवाज मात्र दोन शेते ओलांडून जातो. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज जणू कर्ण्यासाठी घडला होता. दिवाणखान्यातल्या रेडिओग्रामवर जो आवाज काहींना राकट वाटला असेल, तोच माळावरच्या वाऱ्यात नेमका उभा राहत असे.

करमाळ्याच्या कमलाभवानीच्या माळावर हे सहज समजते. राव रंभा निंबाळकरांनी अठराव्या शतकात उभारलेले हे देवस्थान, तिथली छ्याण्णव पायऱ्यांची बारव, छ्याण्णवच्या आकड्याभोवती गुंफलेली सारी रचना इतिहासप्रेमींना ठाऊक असेल. कार्तिकातल्या यात्रेच्या वेळी पाळणे, बांगड्यांची दुकाने, भेळेच्या गाड्या आणि त्या साऱ्यांवर छत धरावे तसा कर्ण्यांचा आवाज. कर्णेवाल्याकडे पत्र्याच्या पेटीत तबकड्यांची चळत असे. लग्न असो, बारसे असो की यात्रा, आरंभ गणपतीच्या गाण्याने व्हायचा. हरेंद्र जाधव यांनी लिहिलेले आणि पाठक यांनीच चाल दिलेले ‘तूच सुखकर्ता तूच दुःखहर्ता’ हे अशा आरंभांचे हुकमी गाणे ठरले. तबकडी एक, ऐकणारे हजार. ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकणारा तरी मोजला गेला. यात्रेत उभ्या असलेल्या माणसाने काहीच टाकले नाही, कारण त्याच्याकडे कुणी काही मागितले नव्हते. या गायकाचा खप कितीही काटेकोर मोजला असता, तरी ही गर्दी त्यात आलीच नसती.

शिवाय आठवड्यांचे माप येथे मुळातच गैरलागू आहे. क्रमवारीतले गाणे चढते, काही आठवडे टिकते, उतरते आणि विसरले जाते. प्रल्हाद शिंदे यांची गाणी तिथीनुसार परत येतात. भाद्रपदाच्या चतुर्थीला एक वर येते, अनंत चतुर्दशीनंतर खाली जाते. आषाढी-कार्तिकीला दुसरे. आणि १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, त्यांची भीमगीते. दरवर्षी, न चुकता. पंचांग आणि जयंती यांनी मिळून चालवलेली ही यादी कुठल्याही साप्ताहिकापेक्षा दीर्घायुषी निघाली.

या तक्त्यात एक भेग आहे, तीही पाहिली पाहिजे. अनेक गावांत कर्णे दोन असत; एक मारुतीच्या देवळावर, दुसरा बौद्धवस्तीतल्या विहाराजवळ. पहिल्यावर विठ्ठलाची आणि गणपतीची गाणी, दुसऱ्यावर भीमगीते आणि रात्र रात्र रंगणाऱ्या कव्वाल्या. दोन्हींकडे आवाज तोच. पहिल्या कर्ण्याखाली बसलेल्या कित्येकांनी दुसऱ्यावरचा प्रल्हाद शिंदे कधी कान देऊन ऐकला नाही. उलट दिशेने मात्र असे म्हणता येत नाही. देवळावरचा भोंगा ऐकू येणे गावात कुणालाच टळत नाही.

१९८० च्या दशकात कॅसेट आली आणि तबकड्यांचे साम्राज्य कोसळले. छापायला स्वस्त, खिशात मावणारी, ट्रकमध्ये वाजणारी. एच.एम.व्ही.ची मक्तेदारी मोडली, टी-सिरीज आणि व्हीनस यांसारख्या कंपन्या पुढे आल्या. याच लाटेत प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद शिंदे ‘नवीन पोपट’ घेऊन घराघरांत पोहोचले आणि पाठोपाठ पोपटाच्या गाण्यांचे पीकच आले. पित्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणांनीही कॅसेटचा वेष घेतला. पुढे सीडी, मग मोबाइलचे मेमरी कार्ड. गावातल्या दुकानात दहा-वीस रुपयांत भरून मिळणाऱ्या ‘भक्तिगीतां’च्या फोल्डरला ना गीतकाराचे नाव असे, ना संगीतकाराचे.

नाव पुसले जाण्याचा हा मामला केवळ भावनेचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला, गायक म्हणून, आपल्या ध्वनिमुद्रित आवाजावर कोणताही हक्क नव्हता. ध्वनिमुद्रण कंपनीचे, शब्द आणि चाल करारानुसार ज्याची त्याची. कंठ मात्र कुणाचाच नाही. सादरकर्त्याचे हक्क कायद्यात प्रथम आले ते १९९४ च्या दुरुस्तीने. व्यावसायिक वापरासाठी मानधनाचा वाटा मागण्याची स्पष्ट तरतूद झाली ती २०१२ मध्ये. प्रल्हाद शिंदे २३ जून २००४ रोजी गेले. गाणे जितके ‘पारंपरिक’ वाटू लागते, तितके त्यामागचे माणूस शोधण्याची गरज कुणाला भासत नाही. लोकांनी गाणे आपलेसे केले ही गायकाची सर्वांत मोठी पदवी, असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. ही पदवी घेऊन किराणा भरता येत नाही, एवढी भर त्यात घालायला हरकत नाही.

मोजणी या मुलखात शेवटी आली, ती वेगळ्याच दाराने. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि अजय-अतुल यांच्या गाण्यांखालचे यूट्यूबवरचे आकडे रोज वाढताना लोकांनी पाहिले. मराठी गावाकडच्या ठेक्याला एवढी मोठी जाहीर संख्या मिळाल्याचे तरुणांना प्रथमच दिसले. एच.एम.व्ही.ची वारसदार ‘सारेगामा’ हिने आपली जुनी मराठी ध्वनिमुद्रणेही अशाच माध्यमांवर ठेवली आहेत. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाखालीही आता एक आकडा दिसतो.

निवृत्तिनाथांची पालखी जेऊरला येते, तेव्हा मांडवातला एखादा पोरगा फोन काढतो, ते गाणे लावतो आणि वायर कर्ण्याला जोडतो. दिंड्या पुढून जात राहतात, हजारो माणसे ते गाणे ऐकत चालतात. खालचा आकडा एकाने वाढतो.