ओतूरची सुकट, उरणची तिवरे

आमच्या ओतूरला समुद्र नाही. मांडवीचे पाणीसुद्धा पुढे कुकडी, घोड, भीमा असे करत पूर्वेकडे निघून जाते. तरी आठवडे बाजारात बोंबील, सुकट, वाकट्या मांडल्या की कोकण आल्यासारखे वाटते. २०१० च्या ऑगस्टमध्ये मात्र त्या टोपल्यांपुढे कोणी थांबत नव्हते.

७ ऑगस्टला मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रा कलंडले, शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल सांडले. रमजान चार-पाच दिवसांवर होता. शेजारीण म्हणाली, “भाभी, यंदा मासळीला हातच लावू नका.” आम्हीही लावला नाही.

ईद झाल्यावर उरणला खालाकडे निघालो. खुबी फाट्याशी पिंपळगाव जोग्याचे पाणी भरलेले, माळशेजमध्ये धुके. घाट उतरला की पाण्याची दिशाच फिरते. इथला पाऊस काळू नदीतून उल्हासला आणि मग खाडीला मिळतो. मुरबाड, कल्याण, पनवेल करत उरणला पोहोचायला दुपार झाली.

खालूंचा मासळीचा टेम्पो दारातच उभा होता. ते आम्हाला खाडीवर घेऊन गेले. लांबून तिवरे हिरवीगार दिसत होती. जवळ गेल्यावर कळले की भरतीचे पाणी जिथपर्यंत चढते तिथपर्यंत पाने आणि बुंधे काळे आहेत. तिवरांची मुळे चिखलातून बोटांसारखी वर येतात आणि त्यांतूनच झाड हवा घेते. तीच तेलाने माखलेली. आमच्या धाकट्याने एक पान पुसून पाहिले. हात दोन दिवस काळा राहिला.

“मग हे धुऊन का नाही काढत?” आम्ही विचारले.

“धुणार कसं? माणूस आत गेला की पायाखाली तेल आणखी खोल चिखलात जातं.” खालू म्हणाले.

सांडलेल्या तेलातला हलका भाग दोन-चार दिवसांत उडून जातो. उरलेले जड तेल लाटांनी घुसळून पाण्याशी एकजीव होते, घट्ट होते आणि किनाऱ्याला लागते. अडवायला तरंगते बांध टाकतात, पण पावसाळी लाटा त्यांच्यावरून जातात. तटरक्षक दलाने हेलिकॉप्टरमधून औषध फवारले. त्याने तवंग फुटतो, तेल नाहीसे होत नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात उतरते. म्हणून उथळ खाडीत ते वापरणे बरे नाही. वाळूवरचे तेल शेवटी फावड्यांनी आणि घमेल्यांनीच उचलावे लागते. अशा वेळी काय करायचे याचा राष्ट्रीय आराखडा १९९६ पासून आहे आणि तो तटरक्षक दलाकडे आहे. पण चिखलापुढे आराखडा तरी काय करणार!

मोठी मासळी तेलापासून दूर पळते. खेकडे, शिवल्या, कालवे कुठे जाणार? माशांची पिल्ले तर याच तिवरांच्या मुळांत वाढतात. लोक ताटातल्या पापलेटाला घाबरले, पण खरा मार बसला तो त्यांनी कधी न पाहिलेल्या ह्या चिखलाला.

खाला आमच्यावर रागावलीच. “ओतूरला सुकट घेतली नाही? अगं, ती उन्हाळ्यात वाळवलेली! पावसात कोण मासळी वाळवतं? जहाज बुडालं ऑगस्टात, तुमची सुकट एप्रिलची.” आम्ही गप्प. इतके साधे गणित बाजारातल्या एकाही शहाण्याला सुचले नव्हते, आणि त्या बायांचा महिना रिकामा गेला.

पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट २०११ ला, ‘एमव्ही राक’ हे कोळशाचे जहाज मुंबईजवळ बुडाले आणि पुन्हा तेल आले. त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने जहाज कंपनीला १०० कोटी रुपये भरायला सांगितले, ते २०१६ मध्ये. पाच वर्षांनी!

निघताना खालाने सुकटीची मोठी पुडी बांधून दिली. घाट चढेपर्यंत सगळ्या गाडीत तिचा वास भरला होता. घरी आल्यावर अर्धी पुडी आम्ही शेजारणीकडे नेली. तिने आधी वास घेतला, मग विचारले, “कधीची आहे?”

“एप्रिलची,” आम्ही म्हणालो.