मागच्या भिंतीवरील मौन

घरांत यंत्र आणण्यास पैसा पुरतो. तें बिघडलें असतां त्याचें दुखणें ओळखण्यास मात्र पैशापेक्षां धीर अधिक लागतो. अलीकडे पुष्कळ कुटुंबांच्या दिवाणखान्यांत टेलिव्हिजनच्या भोंवतीं पांच-सहा स्पीकरांची मांडणी दिसते. हिलाच 'होम थिएटर' म्हणतात. हें नांव आम्हांस फारसें आवडत नाहीं. पण तें रूढ झालें आहे, तेव्हां तेंच वापरणें बरें. ह्या मांडणीविषयीं एकच तक्रार आम्ही निरनिराळ्या घरीं ऐकली आहे: समोरचे स्पीकर बोलतात, मागचे मुके. मग दुरुस्तीवाला येतो, मागच्या स्पीकरांस कान लावतो, मान हलवितो आणि नवा संच घेण्याचा सल्ला देऊन जातो. हा सल्ला मानण्यापूर्वीं घरच्या माणसांनीं तासभर स्वतः तपास करावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. कारण आमच्या पाहण्यांतील बहुतेक उदाहरणांत दोष मुक्या स्पीकराचा नव्हताच. त्याच्यापर्यंत बोलावयाचें कांहीं पोंचतच नव्हतें.

हा सारा खटाटोप कशासाठीं, तें प्रथम सांगितलें पाहिजे. एका बाजूचा आवाज त्या बाजूच्या कानास दुसऱ्याहून क्षणाच्या अत्यल्प अंशानें आधीं पोंचतो, आणि मुख्यतः एवढ्यावरून आपण त्याची दिशा ओळखतों. १९३१ सालीं ॲलन ब्लमलीन ह्या इंग्रज इंजिनियरानें दोन स्पीकरांच्या साहाय्यानें आवाजास दिशा देण्याच्या पद्धतीचें पेटंट मागितलें. पुढें १९४० सालीं न्यूयॉर्क येथें डिस्नेचा 'फँटेशिया' प्रदर्शित झाला, तेव्हां त्याचें संगीत केवळ पडद्यामागून नव्हे, तर प्रेक्षागृहांतूनहि ऐकूं येण्याची सोय केली होती. आज आपल्या दिवाणखान्यांत जी '५.१' ही संज्ञा ऐकूं येते, तिचें मूळ ह्याच हौसेंत आहे. त्यांतील पांच म्हणजे आवाजाचे पांच पूर्ण पदर, ज्यांस चॅनेल म्हणतात: समोर डावा, मधला व उजवा, आणि श्रोत्याच्या दोन्ही बाजूंस, किंचित मागें, आणखी दोन. उरलेला 'दशांश एक' हा ढगांच्या गडगडाटासारख्या खर्जासाठीं राखलेला, सुमारें १२० हर्ट्झच्या वर न जाणारा पदर होय.

लोक मागच्या दोहोंचें कौतुक करतात. आम्हांस मात्र मधला पदर सर्वांत मोलाचा वाटतो. पात्रांचे संवाद बहुधा त्यांतूनच येतात. तो नसला आणि केवळ डावा-उजवा एवढेंच उरलें, म्हणजे दोहोंच्या बरोबर मध्यावर बसलेल्यासच शब्द पडद्यावरून आल्यासारखे वाटतात. कडेला बसलेल्यास ते जवळच्या स्पीकरांतून, वाद्यांच्या व गोंगाटाच्या गर्दींतून वेंचून घ्यावे लागतात. एकत्र कुटुंबांत सर्वांसच मध्यावर कसें बसतां येणार?

आमच्याच घरीं ह्याचा प्रत्यय आला. नवा टेलिव्हिजन आल्यानंतर आमचे तीर्थरूप अण्णा रात्रीं चित्रपटास बसेनातसे झाले. त्यांची आरामखुर्ची दाराजवळ, अगदीं उजव्या टोंकास. "शब्द कळत नाहींत रे आतां, तुम्हीं पाहा," असें म्हणून ते जपमाळ घेऊन आंत जात. ब्याऐंशीव्या वर्षीं दुसरें काय होणार, असें त्यांनींच ठरवून टाकलें होतें, आणि कानांच्या डॉक्टरांकडे जाण्याचा दिवसहि नक्की होत आला होता. इकडे दुरुस्तीवाल्यानें मागचे स्पीकर जळाले आणि रिसीव्हरचें आयुष्य संपलें, असा दुहेरी निकाल दिला होता. पण आमच्या पुतण्यास एक गोष्ट खटकली. मागच्या दोघांबरोबर मधला स्पीकरहि गप्प होता. तीन स्पीकर एकाच आठवड्यांत, आणि तेंहि टेलिव्हिजन बदलल्याच आठवड्यांत, कसे जळतील? शिवाय आजोबांना फोनवरचें बोलणें तर स्वच्छ ऐकूं येतें!

तपासाचा आरंभ कोठून करावा, ह्यांतच निम्मी विद्या आहे. बहुतेक रिसीव्हरांत 'टेस्ट टोन' नांवाची सोय असते. ती चालू केली असतां पावसाच्या सरीसारखा एक खरखरीत आवाज क्रमाक्रमानें प्रत्येक स्पीकरांतून फिरतो. हा आवाज रिसीव्हर स्वतः निर्माण करतो. टेलिव्हिजनचा त्याच्याशीं संबंध नाहीं. म्हणून तो मागूनहि ऐकूं आला, तर तारा, स्पीकर व रिसीव्हर तिन्ही निरोगी समजावे आणि दोष त्याच्या अलीकडे, आवाज जेथून येतो तेथें, शोधावा. न आला, तरच तारांस हात घालावा, आणि तोहि वीज बंद करून. उंदरानें कुरतडलेली किंवा सतरंजीखालीं तुटलेली तार आम्ही पाहिली आहे. सात स्पीकरांच्या रिसीव्हरास पांचच जोडतांना मागच्या दोघांच्या तारा 'सराउंड'ऐवजीं शेजारच्या 'सराउंड बॅक' ह्या खांचांत गेलेल्याहि पाहिल्या आहेत. केव्हां केव्हां तारा ठीक असून रिसीव्हरच्या यादींत मागच्या स्पीकरांपुढें 'नाहीं' अशी नोंद असते. मग तो बिचारा त्यांस आवाज देईल कसा?

आमच्याकडे आवाज पांचहि स्पीकरांतून फिरला. मागच्या भिंतीवरून ती सर ऐकूं येतांच पुतण्याची मुद्रा पाहण्यासारखी झाली होती.

आतां रिसीव्हरच्या कपाळावरील अक्षरें वाचावयाचीं. तेथें 'डॉल्बी डिजिटल' किंवा 'डी. टी. एस्.' असें दिसलें तर सामान्यतः आंत अनेक पदरी आवाज येत आहे. आमच्या येथें 'पी. सी. एम्.' आणि 'स्टिरिओ' अशीं अक्षरें होतीं, म्हणजे आंत येतांनाच पदर दोन उरले होते. पूर्वीं तबकडीचें यंत्र थेट रिसीव्हरास जोडलेलें असे, तेव्हां प्रश्नच नव्हता. आतां चित्रपट टेलिव्हिजनच्या पोटांतील ॲपमधून येतात, आणि आवाजास टेलिव्हिजनमधून उलट रिसीव्हरकडे जावें लागतें. त्या वाटेवर टेलिव्हिजनच्या आवाजाच्या सेटिंगमध्यें 'पी. सी. एम्.' निवडलेलें असलें, तर तो बहुधा पांचांची घडी घालून दोनच पुढें पाठवितो. कारखान्यांतून आमच्या टेलिव्हिजनचें सेटिंग तसेंच आलें होतें. त्याजागीं 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास-थ्रू', जें नांव असेल तें, निवडावें.

वाटेचाहि विचार करावा. एच्. डी. एम्. आय्. केबलनें आवाज उलट नेण्याची 'ए. आर्. सी.' ही सोय २००९ सालच्या १.४ ह्या आवृत्तींत आली. पण ती त्या अक्षरांनीं खूण केलेल्या खांचेंतच चालते, शेजारच्या खांचेंत नाहीं. जुनी ऑप्टिकल तार डॉल्बी डिजिटलचे सहा पदर नेते, परंतु अनेक ॲप जो नवा 'डॉल्बी डिजिटल प्लस' प्रकार पाठवितात तो तिला पेलत नाहीं; तेथें टेलिव्हिजनमध्यें साधें 'डॉल्बी डिजिटल' निवडून पाहावें. आमच्याकडे तार हीच होती, आणि ह्याच निवडीनें काम झालें. रिसीव्हरवरील अक्षरें बदललीं आणि मधला स्पीकर प्रथम बोलला. पुतण्यानें त्याची पातळी थोडी वाढविली व अण्णांस हांक मारली. ते खुर्चींत बसले, पांच-सात मिनिटें कांहींच बोलले नाहींत, आणि मग एका विनोदावर इतरांच्या आधीं हंसले. डॉक्टरांकडे ते पुढें गेलेच, पण तें वार्षिक तपासणीसाठीं.

एवढें करूनहि मागची भिंत कधीं कधीं गप्प राहते, आणि तेव्हां ती गप्प असणेंच योग्य असतें. एकाच चित्रपटाचा इंग्रजी आवाज पांच पदरी आणि मराठी किंवा हिंदी आवाज दोन पदरी, असें पुष्कळदां आढळतें. भाषा बदलतांच मागचे स्पीकर निजतात. दोन पदरांतून पांच उकलणारी 'डॉल्बी सराउंड' सारखी युक्ति रिसीव्हरांत असते: दोन्ही पदरांत जें समान तें ती मध्यें पाठविते, जें भिन्न त्यांतील कांहीं मागें. ती आम्हांस मान्य आहे. सर्व स्पीकरांतून एकच आवाज ओतणारी दुसरी एक युक्ति आहे, तिनें मात्र दिवाणखान्याचा लग्नमंडप होतो.

आषाढी एकादशीस अण्णांनीं १९३६ सालचा प्रभातचा 'संत तुकाराम' लावावयास सांगितला. त्याचा मूळ आवाज एकपदरी. दोन्ही बाजूंस तोच, भिन्न असें कांहीं नाहीं, म्हणून सारा मधल्या स्पीकरांत. धाकटी नात मागच्या भिंतीकडे पाहून रिमोट शोधूं लागली, तेव्हां अण्णा म्हणाले, "बैस गं. तुकोबा समोरच बोलताहेत."