नावांचा क्रम
टायटॅनिक बुडताना पहिल्या वर्गातील बहुसंख्य प्रवासी वाचले, तिसऱ्या वर्गातील बहुसंख्य गेले. बेलफास्टच्या सिटी हॉलच्या प्रांगणातील १९२० च्या स्मारकावर शहराशी संबंधित २२ मृतांची नावे आहेत, तीही हुद्द्याच्या क्रमाने. जहाजाचे आरेखक थॉमस अँड्र्यूज अग्रस्थानी. ती वाचताना मला बाबासाहेबांनी उलगडलेली श्रेणीबद्ध विषमता आठवली. २०१२ साली शेजारीच स्मृतिउद्यान झाले. तेथे १५१२ नावे वर्णानुक्रमे कोरली आहेत. कोट्यधीश आणि भट्टीत कोळसा टाकणारा कामगार एकाच यादीत. हा वर्ण अक्षराचा, जन्माचा नव्हे. भीमा कोरेगावच्या स्तंभावरील नावांतून आपल्याला पूर्वज भेटले. म्हणून परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांनी कोणत्याही स्मारकापाशी दोन प्रश्न विचारावेत: नावे कोणाची, आणि क्रम कोणी ठरवला?