घोडा, विहीर आणि कावड

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरांची वसाहत. आसपास सरोजिनी नगर, नेताजी नगर, किडवाई नगर. ज्या नावांनी आमच्या पिढीचे बालपण भारावले, ती येथे पत्त्यापुरती उरली आहेत. रिक्षावाल्याला ‘लक्ष्मीबाई’ एवढेच सांगितले तरी तो मुकाट्याने आणून सोडतो. मुलाच्या सरकारी निवासस्थानात राहायला आल्यापासून हा उच्चार मी रोज करते, आणि क्वचित त्याने दचकतेही.

कारण सातारा जिल्ह्यातील आमच्या शाळेत असताना मला झाशीची राणीच व्हायचे होते. पाठीशी बांधलेले मूल, उपसलेली तलवार, उधळलेला घोडा एवढ्यावर ते स्वप्न उभे होते. त्यात मरण होते, पण वेदना नव्हती. युद्ध होते, पण तहान नव्हती. बालपणीच्या मूल्यांचे हेच सामर्थ्य आणि हीच मर्यादा: ती निखळ असतात, कारण त्यांना अजून देह लाभलेला नसतो.

हा देह मला विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये भेटला. कर्जाने गांजलेला वरसईचा हा भिक्षुक 1857 मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वावटळीत सापडला. 1858 मध्ये झाशी पडली तेव्हा तो तेथेच होता. त्याचे हस्तलिखित चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये, पुष्कळ संस्कार करून, प्रसिद्ध केले. विद्यार्थिदशेत मी ते राणीसाठी वाचले; लढाईची पाने सोडली तर बाकीची भराभर उलटली.

पुढे अध्यापनाच्या निमित्ताने तेच पुस्तक वारंवार वाचले, आणि दृष्टी दुसरीकडे खिळू लागली. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी विष्णुभटाला धुळीने माखलेली, तहानलेली राणी भेटते. तो पाणी काढू लागतो, तर विद्वान ब्राह्मणाला श्रम नकोत म्हणून ती स्वतःच मडक्याने पाणी काढते आणि ओंजळीने पिते. आणि तो स्वतः? मिळवलेले द्रव्य लुटले गेल्यावर गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन तो कोकणात परततो आणि त्या जलाने आईवडिलांना स्नान घालतो.

माझ्या आईची अखेरची दोन वर्षे याच वसाहतीत गेली. चमच्याने तिच्या ओठांत पाणी घालताना मला घोडा आठवत नसे, कावड आठवे. शौर्याच्या जागी शुश्रूषा आली, तळपण्याच्या जागी टिकणे आले. याला परिपक्वता म्हणावे की थकवा? बालपणीचे स्वप्न ओसरले की त्यालाच शहाणपण म्हणण्याची प्रौढांची खोड मला परिचित आहे. समीक्षकांची तर ती व्यावसायिक खोड आहे.

म्हणून मी त्या विहिरीकडे पुन्हा पाहते. पाणी पिऊन राणी तेथे थांबली नाही. ती काल्पीला गेली, तेथून ग्वाल्हेरला. जूनमध्ये तेथेच लढताना पडली. थकलेली बाई आणि घोड्यावरची राणी या दोन व्यक्ती नव्हत्या. स्वप्न मोठेपणी बदलते ते बहुधा असे: त्याला तहान लागते. तहान लागलेले स्वप्न खोटे ठरत नाही. उलट, त्यापुढे घोड्यावर पुन्हा चढणे किती अवघड होते, हे तेव्हाच कळू लागते.