क्योटोच्या बसस्टॉपवरच्या आजी

जपानहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतोय, "क्योटो कसं वाटलं?" खरं सांगू? क्योटोपेक्षा तिथली एक बस जास्त लक्षात राहिलीये.

२०६ नंबरची. क्योटो स्टेशनवरून कियोमिझू मंदिराच्या दिशेने जाते. आमचं हॉटेल त्याच रस्त्यावर, म्हणून आम्ही चौघं बॅगांसकट मागच्या दाराने आत घुसलो. (तिथे मागून चढायचं, उतरताना पुढे पैसे टाकायचे.) दोन-तीन स्टॉपनंतर एक आजी उभ्या होत्या, हातात भाजीची छोटी ढकलगाडी. दार उघडलं. त्यांनी आत बघितलं, जराशी मान झुकवली आणि मागे सरकल्या. बस निघाली. आजींना पुरली असती तेवढ्या जागेत माझी सूटकेस उभी होती.

२०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक गेले. आकडा वाचताना काही वाटत नाही, बसमध्ये वाटतं. क्योटोने पर्यटकांचा लाडका एकदिवसीय बसपास बंद केला, २०२४ च्या जूनपासून पर्यटकांसाठी वेगळ्या एक्सप्रेस बस काढल्या. गिओनच्या खासगी गल्ल्यांत शिराल तर १०,००० येन दंड, अशा पाट्या लागल्यात. स्थानिकांचा राग मला तरी समजतो. आपल्याकडे पावसाळ्यातल्या रविवारी लोणावळ्यात राहणाऱ्यांना विचारा!

दुसऱ्या दिवशी आराशियामाचा बेत रद्द केला आणि ओत्सूला गेलो. कागदावर ते शिगा प्रांताचं मुख्य शहर, पण जेआरने क्योटोपासून दुसरं स्टेशन, दहा मिनिटं. क्योटोत कामाला जाणारे कितीतरी लोक इथे राहतात. आम्ही मुद्दाम केइहानची गाडी घेतली. ही गाडी भारी आहे. क्योटोत भुयारी मेट्रो म्हणून निघते, मग डोंगर ओलांडते आणि शेवटी ओत्सूत चार डब्यांसकट चक्क रस्त्यावर, मोटारींच्या शेजारून ट्रामसारखी चालते. सिग्नललाही थांबते. माझा मुलगा मंदिरं विसरला, पण ही गाडी अजून सांगतो.

उतरलो की समोर बिवा सरोवर, जपानमधलं सगळ्यात मोठं. काठावर मासे धरणारे दोन आजोबा, बाकी शांत. मिइ-देरा मंदिराकडे चालत जाताना एक कालवा लागतो. १८९० साली पुरा झालेला हा कालवा बोगद्यांतून बिवाचं पाणी क्योटोला नेतो. त्याच्यावर वीज केली आणि त्या विजेवर क्योटोत जपानमधली पहिली विजेची ट्राम धावली. आजही क्योटोकर बिवाचंच पाणी पितात. म्हणजे ज्या शहरात आम्ही उभं राहायला जागा शोधत होतो, त्याची तहान या निवांत शेजाऱ्याच्या जिवावर भागते. आणि हा शेजारी सातव्या शतकात पाच वर्षं देशाची राजधानी होता, बरं का.

आता अडचण. हे लिहून मी काय करतोय? टोकियोजवळचं कावागोए असंच "शांत" म्हणून सांगितलं जायचं. इकेबुकुरोहून अर्धा तास, १८९३ च्या आगीनंतर बांधलेली काळ्या भिंतींची दुकानं. आता सुट्टीच्या दिवशी तिथल्या मुख्य रस्त्यावर पाऊल ठेवायला जागा नसते. कामाकुरात तर सुट्ट्यांच्या गर्दीत स्थानिकांना एनोदेनच्या स्टेशनात आधी सोडण्याचा प्रयोग करावा लागला. बायको म्हणाली, "नाव टाकू नकोस." मी टाकलं. कारण ओत्सूला गर्दी पेलणारी रेल्वे आहे आणि क्योटोच्या बसला ती झेपत नाही, असं मला वाटतं. चुकतही असेन.

पण जाणार असाल तर सकाळी सात ते नऊ टाळा, ती ऑफिसवाल्यांची वेळ. जेवण तिथेच करा. नुसते फोटो काढून परतलात तर गावाला मिळतो फक्त तुमचा कचरा. सूटकेस हॉटेलात ठेवा. आम्ही परत निघालो तेव्हा शाळा सुटली होती. डबा पोरांनी भरला, आम्ही सॅक पुढे घेऊन दारापाशी उभे राहिलो. एका पोराने माझ्या मुलाला बसायला जागा दिली. तो बसला नाही.