रुमाल टाकला, सीट आपली!

विमानात चार माणसांच्या आधी चढता यावं म्हणून जगभर लोक जास्तीचे पैसे मोजत आले आहेत. पण ‘आधी कोण?’ हा प्रश्न नीट समजून घ्यायचा असेल, तर बोर्डिंग गेटवर उभं राहू नका. निफाड तालुक्यातल्या सायखेड्याला जा.

सायखेड्याच्या स्टँडवर एसटी अजून पूर्ण थांबलेलीही नसते. ड्रायव्हर गाडी वळवत असतो, कंडक्टरचा हात दारावर असतो आणि तेवढ्यात खिडकीतून पहिला पॅसेंजर आत शिरतो. तो माणूस नसतो. तो असतो रुमाल! मागोमाग टोपी, पाण्याची बाटली, बाजाराची पिशवी आणि घरात कोणी सडपातळ असेल तर सात-आठ वर्षांचा अख्खा चिरंजीव. दार उघडेपर्यंत निम्मी बस ‘भरलेली’ असते.

हा आपला देशी ‘ओपन सीटिंग’चा फंडा. तिकिटावर सीट नंबर नाही, जो आधी बसेल त्याची जागा. आपण ऑफिसात वेब चेक-इनच्या स्क्रीनवर खिडकीची सीट किती रुपयांना पडते ते बघून हळहळतो ना, त्याची ही मूळ आवृत्ती.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघालात की साधारण पंचवीस-तीस किलोमीटरवर चांदोरी येतं. तिथून गोदावरीचा पूल ओलांडला की पलीकडे सायखेडा. या पट्ट्याला गोदाकाठ म्हणतात. द्राक्षबागा, ऊस, कांद्याच्या चाळी आणि मधून वाहणारी नदी. टूरिस्ट स्पॉट वगैरे अजिबात नाही. कॅफे शोधू नका, चहाची टपरी शोधा. पण रांग या विषयावर पीएचडी करायची असेल, तर याहून सॉलिड कॅम्पस मिळणार नाही. कारण इथे काही अंतरातच रांगेचे तीन वेगवेगळे कायदे चालतात.

पहिला कायदा : ज्याचे पाय जोरात

स्टँडवर चलतं ते पायांचं नाणं. धावता येतं, खिडकीपर्यंत हात पोचतो, तो जिंकतो. रुमालाला अर्थातच कायद्याचा आधार नाही. पण रुमालाचा मान मात्र सगळे राखतात. कोणी नवखा बसलाच, तर मागून आवाज येतो, ‘ओ दादा, रुमाल दिसत नाही का?’ त्यावर ‘रुमालाने तिकीट काढलंय का?’ असा खणखणीत प्रतिप्रश्न. मग पाच मिनिटं भरपूर तोंडं वाजतात, सगळी बस एन्जॉय करते आणि शेवटी कोणीतरी म्हणतं, ‘सरका थोडं, तिघं बसू.’ प्रश्न मिटतो!

खिडकीचा भावही इथे सीझनप्रमाणे बदलतो. मे महिन्यात खिडकी म्हणजे सोनं. पण निफाड हे महाराष्ट्रातल्या सगळ्यात गारठणाऱ्या तालुक्यांपैकी एक. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा पार खाली उतरतो. अशा पहाटे खडखडणाऱ्या काचेशेजारी बसायला कोण जाईल? तेव्हा मधली सीट हीच बिझनेस क्लास. दोन्ही बाजूंनी ऊब फुकट!

गंमत सोडा, पण या कायद्यात एक मोठं भोक आहे. ज्याला धावता येत नाही, त्याचं काय? गुडघे दुखणारी आजी, कडेवर बाळ असलेली बाई, काठी घेऊन चालणारा म्हातारा. आपण ‘आल्या क्रमाने’ म्हणतो, पण खरं म्हणजे तो ‘पळाल्या क्रमाने’ असतो. म्हणूनच तर एसटीत महिलांसाठी आणि दिव्यांगांसाठी राखीव सीटच्या पाट्या आल्या. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. गाड्या भरल्या, आणि त्या पाट्यांची गरज आणखी वाढली.

दुसरा कायदा : ज्याच्याकडे वेळ

स्टँडवरून कांदा मार्केटकडे वळा. पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा हा सायखेड्याचा उपबाजार. लिलावाच्या दिवशी कांद्याने भरलेले ट्रॅक्टर एकामागे एक लागतात. इथेही नंबर महत्त्वाचा, पण पळून काही उपयोग नाही. ट्रॉलीतून उडी मारून रुमाल टाकता येत नाही. इथलं नाणं म्हणजे वेळ. ज्याने अंधारात घर सोडलं, थंडीत ट्रॅक्टरवर घोंगडी पांघरून बसला, त्याचा नंबर आधी. पहाटेच्या थंडीत ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला ‘चोवीस तास आधी चेक-इन’ ही कल्पना समजावून सांगायची गरज नाही. तो ती जगतोय.

मग पैसे कुठून आले?

तर आता विमानाकडे. सायखेड्याहून हे वाटतं तेवढं लांब नाही. ओझर याच निफाड तालुक्यातलं. तिथे १९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना आहे. मिग आणि नंतर सुखोई तिथेच तयार झाल्या. आज नाशिकचा विमानतळ म्हणजे ओझरच. तेव्हा आकाशातून काही गेलं की इथे कोणी मान वर करून बघत बसत नाही.

भारतात एसटीचा फंडा विमानात आणला तो कॅप्टन गोपीनाथ यांनी. २००३ मध्ये त्यांनी एअर डेक्कन सुरू केली. स्वस्त तिकीट, फुकट खाणं नाही आणि सीट नंबरही नाही! जाहिरातीत चेहरा कोणाचा? आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा. पहिल्यांदा विमानात चढणाऱ्या माणसाला एसटीचीच सवय होती, त्यामुळे विमानाच्या शिडीकडे लगबगीने निघालेली गर्दी हे त्या काळातलं ओळखीचं दृश्य. पुढे ही कंपनी किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. २०१७ मध्ये याच एअर डेक्कनच्या नव्या अवताराने ‘उडान’ योजनेत ओझरहून मुंबई-पुण्याला छोटी विमानं उडवली. त्या बीचक्राफ्ट विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच सीट. म्हणजे प्रत्येकाला खिडकी! जगातला सगळ्यात जुना वाद मिटला होता. पण २०२० मध्ये त्या कंपनीचीही उड्डाणं बंद पडली.

ओपन सीटिंगचा खरा बादशहा मात्र अमेरिकेतली साउथवेस्ट एअरलाइन्स. १९७१ पासून तिची विमानं सीट नंबरशिवाय उडाली. हिशेब सरळ होता. आपली ठरावीक सीट नाही म्हटलं की माणूस रेंगाळत नाही, विमान पटकन भरतं, पटकन उडतं. डॅलस किंवा फिनिक्सला ऑनसाइट जाऊन आलेल्या एखाद्या मित्राला विचारा. फ्लाइटच्या बरोबर चोवीस तास आधी मोबाइलवर अलार्म लावायचा आणि सेकंदही न घालवता चेक-इन करायचं. जेवढं लवकर, तेवढा रांगेतला नंबर चांगला. ए, बी, सी असे ग्रुप, ‘सी’ मिळाला की मधली सीट नक्की.

२००९ मध्ये कंपनीने म्हटलं, अलार्म कशाला लावता? आम्हाला दहा डॉलर द्या, आम्हीच तुमचं चेक-इन इतरांच्या आधी करून टाकतो. म्हणजे काय? तर कंपनीने स्वतःच रुमाल विकायला काढला! लक्षात घ्या, सीट नाही विकली. फक्त धावायची कटकट वाचवली. पुढे हा रुमाल महाग होत गेला, काही फ्लाइट्सना एका बाजूचे ९९ डॉलरपर्यंत. युरोपात ईझीजेटनेही ‘स्पीडी बोर्डिंग’ विकलं आणि २०१२ मध्ये सगळ्यांनाच सीट नंबर द्यायला सुरुवात केली. २०१४ मध्ये रायनएअरने तेच केलं.

आपल्याला हे नवीन नाही. सणासुदीला मोठ्या रेल्वे स्टेशनांवर जनरल डब्यात ‘जागा धरून देणारे’ कोणी पाहिले नाहीत? यार्डातून येणाऱ्या रिकाम्या गाडीत आधीच बसायचं आणि प्लॅटफॉर्मवर पैसे घेऊन उठायचं. त्याला आपण दादागिरी म्हणतो. तेच काम अ‍ॅपवर, पावती देऊन झालं की त्याचं नाव ‘प्रायॉरिटी’!

पण या धंद्यात एक मजेशीर गोची आहे. विमानातल्या दहा जणांनी आधी चढायचे पैसे भरले, तर ते दहा जण खरंच आधी चढतात. शंभर जणांनी भरले, तर? शंभर जणांची तीच जुनी रांग, फक्त प्रत्येकाचा खिसा हलका. सीट तेवढ्याच असतात, खिडक्या तेवढ्याच असतात. वाढतं ते फक्त टेन्शन, आणि टेन्शन वाढलं की खरेदी वाढते. त्यातून आणखी एक प्रकार सुरू झाला. व्हीलचेअर मागणाऱ्यांना आधी चढू देतात म्हटल्यावर काही फ्लाइट्सना व्हीलचेअरची रांगच लागू लागली. उतरताना मात्र त्यातले बरेच जण टुणटुणीत चालत बाहेर! अमेरिकेत त्याला विनोदाने ‘चमत्कारी फ्लाइट’ म्हणू लागले. शेवटी साउथवेस्टनेच आपल्या ग्राहकांना विचारलं, तर ऐंशी टक्के लोक म्हणाले, आम्हाला नंबरवालीच सीट द्या. २७ जानेवारी २०२६ ही ओपन सीटिंग संपण्याची तारीख ठरली. अर्धशतकाहून जास्त चाललेला प्रयोग असा गुंडाळला गेला.

आपल्याकडे नंबर आहेत, पण विक्री चालूच आहे. विमान कंपन्यांना पसंतीच्या सीटचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी आहे. २०१८ मध्ये एका मोठ्या कंपनीने वेब चेक-इनला सगळ्याच सीटना पैसे लावले, तेव्हा एवढा गदारोळ झाला की मंत्रालयाला लक्ष घालावं लागलं. २०२४ मध्ये तर ‘डीजीसीए’ला सांगावं लागलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारची सीट द्या. जरा विचार करा. लेकराला आईजवळ बसवा, हे सांगायला सरकारी आदेश! सायखेड्याच्या बसमध्ये हे काम एक मावशी ‘ए बाळा, सरक तिकडे’ एवढ्या चार शब्दांत करते.

तिसरा कायदा : ज्याला गरज

म्हणजे एसटी ग्रेट आणि विमान वाईट? इतकं सोपं नाही. ज्या आजीला धावता येत नाही, तिला पन्नास रुपयांत पक्की सीट मिळणार असेल तर ते पन्नास रुपये तिच्या भल्याचेच आहेत. पैशाची रांग निदान गुडघे बघत नाही. तिचा दोष वेगळाच आहे. फुकट मिळालेली सीट माणूस सोडू शकतो. विकत घेतलेली सीट सोडताना त्याचा हात थरथरतो. ‘मी एक्स्ट्रा भरलेत’ हे वाक्य एकदा तोंडात आलं की समोर कोण उभं आहे, ते दिसायचं थांबतं.

हे कळायला सायखेड्याच्या पुलावर यावं. नदी एरवी शांत, पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठ जागा राहतो. ऑगस्ट २०१६ मध्ये पाणी गावात शिरलं, ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा. चांदोरी-सायखेड्यात घरं, दुकानं पाण्याखाली गेली, लोकांना बोटींतून हलवावं लागलं. अशा बोटीतही सीट नंबर नसतो. तेही ओपन सीटिंगच! पण तिथे रुमाल चालत नाही, पहाटे येऊन नंबर लावता येत नाही आणि पाकीट काढलं तर लोक हसतील. म्हातारी माणसं, आजारी माणसं, लेकरं आणि त्यांच्या आया आधी. बाकीचे थांबतात. ‘प्रायॉरिटी बोर्डिंग’ या शब्दाचा खरा अर्थ हाच.

पाय, वेळ, पैसा आणि गरज. रांगेची ही चार नाणी. सायखेड्यात यातली तीन रोज किंवा प्रसंगाने चालतात, आणि कुठलं कुठे चालवायचं हे लोकांना न सांगता कळतं. आपण शहरातली मंडळी मात्र चौघांचं काम एकट्या पैशावर टाकून मोकळे होतोय. तेव्हा पुढच्या वेळी सीटचे पैसे जरूर भरा, त्यात लाज कसली! फक्त शेजारी कोणी लेकराला घेऊन ‘जरा सीट बदलता का?’ विचारलं, तर पावती नका दाखवू. सरका थोडं.

जायचं कसं?

नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरी, तिथून पूल ओलांडून सायखेडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पहाटे निघालात तर पुढे नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्यही होईल. २०२० मध्ये ‘रामसर’ यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. स्वेटर हवाच. पावसाळ्यात जाणार असाल, तर आधी धरणाच्या विसर्गाची बातमी बघा. आणि गाडी घरी ठेवून एसटीनेच जा. सोबत एक स्वच्छ रुमाल असू द्या!