चाप नंतर, मूठ आधी

शिरूर (घोडनदी),
कोजागरी पौर्णिमा

चि. ताईस,


दाजींच्या माघारी ठाण्यात जमा असलेलं रिव्हॉल्व्हर सुटलं आणि परवाना वारसाहक्काने तुझ्या नावावर झाला, हे वाचून बरं वाटलं. तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. मूठ बदलू का, चाप हलका करून घेऊ का, आणि एअर पिस्तूल चालवणाऱ्या मुलीने असल्या जुन्या घाटाच्या हत्याराने नेमबाजी करण्यात काही अर्थ आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची दोन त्यातूनच निघतात. अर्थ आहे, आणि भरपूर आहे.

दौंडच्या राज्य राखीव दलाच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, माझी सगळी नोकरी झाली. तिथे हत्यार हाती घेतलं की ते कुठून आलं हे मी आधी बघायचो. तुझं .32 कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. घाट विलायती वेब्लीचा, मधून मोडून उघडणारा. सहा घरांचं सिलिंडर, तीन इंची नळी. ते दोन तऱ्हांनी चालतं. नुसता चाप ओढलास तर घोडा मागे जाऊन पडेपर्यंतचं सगळं काम तुझ्या बोटालाच करावं लागतं, आणि त्या लांब, जड ओढीत नेम हलतो. अंगठ्याने घोडा चढवून घेतलास तर चापाला एकच काम उरतं, घोडा सोडणं. ओढ आखूड होते, हलकी होते. नेमबाजी करायची ती या दुसऱ्या तऱ्हेने.

या तऱ्हेचं नावाजलेलं हत्यार म्हणजे 1873 चं कोल्ट. अमेरिकन सैन्याने ते घोडदळासाठी घेतलं. एका हातात लगाम असलेल्या स्वाराला दुसऱ्या हाताने चालवता येईल असं हत्यार हवं होतं. आपल्या घोडनदीलाही एकोणिसाव्या शतकात घोडदळाची छावणी होती, म्हणून ही गरज काय असते ते इथल्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. त्या कोल्टमध्ये चापाने घोडा चढतच नाही, दर फैरीला अंगठा लागतोच. बाजूची झडप उघडून एकेक काडतूस भरायचं आणि रिकामं टरफलही सळईने एकेक करून बाहेर ढकलायचं. लढाईत ही संथपणाची अडचण होती. चांदमारीवर तोच गुण ठरला. दर गोळीआधी हात थांबतो, पकड तपासली जाते, श्वास जागेवर येतो. म्हणून दीडशे वर्षांनंतरही तो घाट बनतो आणि हौसेने चालवला जातो.

कोल्ट कंपनीने 1894 मध्ये खास नेमबाजांसाठी त्याचा एक प्रकार काढला आणि इंग्लंडमधल्या बिस्ली या प्रसिद्ध चांदमारीचं नाव त्याला दिलं. त्यात सगळ्यात ठळक बदल होता तो मुठीत. मूठ जास्त उभी केली, मागून वर चढवली, म्हणजे हात उंच बसतो. घोड्याची शेपटी खाली आणली, म्हणजे पकड न मोडता अंगठा पोचतो. पुढे एल्मर कीथ नावाच्या अमेरिकन नेमबाजाने निरनिराळ्या कारागिरांकडून आपल्या मनासारखं एक कोल्ट घडवून घेतलं आणि 1929 मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यानेही बिस्लीच्या मुठीची मागची पट्टी घेऊन जुन्या कोल्टशी जुळवली होती. जाणत्या माणसांनी हत्यार सुधारायला घेतलं तेव्हा हात आणि हत्यार जिथे भेटतात त्या जागेकडे त्यांनी असं बारीक लक्ष दिलं. हे ध्यानात ठेव.

म्हणून तूही मुठीपासूनच सुरुवात कर. एअर पिस्तुलाच्या लाकडी मुठीत पुट्टी भरून, पॉलिश पेपर मारून ती तळहाताला बसवायची, हे तुला नवीन नाही. हीच रीत इथे चालेल. जुन्या पट्ट्या काढून तेलाच्या कापडात गुंडाळून ठेव, फेकू नकोस. नव्यांसाठी शिसव घे. ते जड असतं, घामाने फुगत नाही आणि बारीक घासलं तरी कड धरतं. सुताराला पट्ट्या ढोबळ कापून दे म्हणावं, पुढचं घासणं तुझं तूच कर. हत्यार त्याच्या हाती द्यायचं नाही, मापाला जुन्या पट्ट्या द्यायच्या. चापाच्या कडीमागे मधल्या बोटाशी पोकळी राहते, ती भर. तळहाताच्या बाजूला किंचित फुगवटा ठेव. डोळे मिटून हात उचल आणि मग उघड. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली, तर मूठ बसली. डावीकडे दिसली तर कुठे लाकूड जास्त आहे ते शोध. हे सगळं रिकाम्या हत्याराने, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून.

मुठीनंतर साइट. या रिव्हॉल्व्हरच्या साइट पक्क्या असतात, एअर पिस्तुलासारखे स्क्रू फिरवून गोळी सरकवता येत नाही. बरेच जण लगेच कानस घेऊन पुढच्या माशीवर बसतात. त्याआधी हा हिशेब कर. दोन साइटमधलं अंतर 125 मि.मी. धर. माशी मिलिमीटरचा फक्त दहावा हिस्सा घासली गेली, तर 25 मीटरवर गोळी 2 से.मी. वर जाते. त्या अंतराच्या प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळच 5 से.मी. व्यासाचं असतं. म्हणजे कानशीचे दोन-चार हात जास्त झाले की अख्खं दहाचं घर हुकतं, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. म्हणून माशीला कानस लावायची ती बंदूकदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिरानेच, आणि तीही तुझा गट एका जागी पडू लागल्यावर. तोवर गोळ्या खाली पडत असतील तर नेम तेवढा वर धर. एक गोष्ट मात्र आजच करता येईल. रिकाम्या हत्याराच्या दोन्ही साइटवर कापराची काजळी धर. उन्हात पोलाद चकाकतं आणि माशीची कड डोळ्याला खोटी दिसते. काजळी धरली की कड स्वच्छ उमटते, आणि काम झालं की पुसता येते.

आता चाप. तुला 500 ग्रॅमच्या चापाची सवय आहे, म्हणून हा जड लागणार. पण 25 मीटरच्या सेंटर फायर स्पर्धेतसुद्धा चापाचं किमान वजन 1000 ग्रॅम ठरवलेलं आहे. तुझ्या एअर पिस्तुलाएवढा हलका चाप त्या रेंजवर कुणालाच चालत नाही. चाप हलका करायचा म्हणजे घोड्याची खाच आणि चापाचं नाक जिथे अडकतात ती कड घासायची. ती कड पाणी दिलेली असते, आणि कडक थर पातळ असतो. तो गेला की आतलं मऊ पोलाद झिजत राहतं, आणि एक दिवस बोट न लावता चढवलेला घोडा सुटतो. दुसरी पळवाट म्हणजे स्प्रिंग कापणं. तसं केलं की घोडा ढिला पडतो आणि काडतुसाच्या टोपीला पुरेसा दणका बसत नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे हत्याराची दुरुस्ती किंवा फेरफार हे परवानाधारकाचंच काम आहे आणि नळी आखूड करणं हा वेगळा गुन्हा आहे. कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं. चाप बदलू नकोस, बोट तयार कर. फुटलेली टरफलं घरात घालून कोरा सराव कर. घोडा चढव, माशीवर नजर ठेव, बोटाचं पहिलं पेर सरळ मागे घे. घोडा पडल्यावरही माशी होती तिथेच दिसायला हवी. या जुन्या घाटाचा घोडा जड आणि त्याची फेक लांब, म्हणून चाप सुटल्यापासून गोळी निघेपर्यंत हात स्थिर ठेवावा लागतो. ही सवय लागली की तुझं एअर पिस्तूलही सुधारेल.

स्पर्धेसारखा सराव करायचा असेल तर त्याच सेंटर फायर स्पर्धेकडे बघ. तिच्यात 7.62 ते 9.65 मि.मी. बोअर चालतं, म्हणजे तुझं .32 बसतं. जगातली कितीतरी नामांकित सेंटर फायर पिस्तुलं याच .32 लाँग काडतुसावर बनली आहेत. फरक इतकाच की त्यांची गोळी सपाट तोंडाची असते, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडते आणि गुण मोजताना वाद राहत नाही. 60 फैरी असतात. पहिल्या 30 पाच-पाचच्या मालिकांत, दर मालिकेला 5 मिनिटं. उरलेल्या 30 मध्ये टार्गेट 3 सेकंद दिसतं आणि 7 सेकंद लपतं. हात खाली असताना त्या 7 सेकंदांत घोडा चढवायचा. मालिका पाचचीच असल्यामुळे सहापैकी पाच घरं भरायची आणि घोड्याखालचं रिकामं ठेवायचं. जुने कोल्टवालेही सुरक्षिततेसाठी पाचच भरत. जसपाल राणांनी 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात 600 पैकी 590 गुण करून जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. तीन इंची नळीने तू तिथवर पोचणार नाहीस आणि पोचायची गरजही नाही. तुझा गट महिन्यागणिक लहान होतो का, एवढंच बघ.

सराव मात्र मान्यताप्राप्त रेंजवरच. बालेवाडीचं संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, आणि तुमच्या दौंडहून ते एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. उसात बिबट्या आला, बांधावर कुणी दिसलं, असं म्हणत शेतात फैरी झाडणारे आपल्याकडे आहेत. त्यांच्या नादी लागू नकोस. काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात, प्रत्येकाचा हिशेब वहीत ठेव. कानाला मफ, डोळ्याला चष्मा. घरी आल्यावर नळीतून चिंधी बांधलेली फुलतरूची दोरी ओढ, ती चिंधी पांढरी निघेपर्यंत.

आपल्या मातीत ही कला रुजली आहे हे विसरू नकोस. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला रायफलमध्ये कांस्य आणलं तेव्हा तो मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस होता. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात वाढलेल्या मुलीला त्या नोकरीचे कष्ट ठाऊक आहेत. त्यातून वेळ काढून माणूस तिथवर जातो.

तेव्हा माझा निर्णय असा. मूठ कर, काजळी धर, साइटला इतक्यात कानस लावू देऊ नकोस आणि चापाला कधीच हात लावू नकोस. एका वेळी एकच बदल कर, आणि त्यावर पुरेशा फैरी झाल्याशिवाय दुसरा करू नकोस. पहिल्या पाच गोळ्यांचा कागद मला टपालाने पाठव. गट कुठे पडला ते पाहून पुढचं लिहीन. आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा